शंभर ते एकशे दहा किलो

माझ्या व्यायामाच्या वहीत स्क्वॅटच्या, म्हणजे खांद्यावर वजनाचा बार घेऊन काढायच्या बैठकांच्या रकान्यात १०० किलो हा आकडा पहिल्यांदा डिसेंबर २०१९ मध्ये लिहिलेला आहे आणि ११० किलो हा फेब्रुवारी २०२३ मध्ये. वजनाचा व्यायाम वर्षानुवर्षे टिकवायचा कसा, असे मला कोणी विचारले की मला ही मधली सव्वातीन वर्षेच आठवतात, कारण माझ्यासोबत सुरुवात केलेले बहुतेक जण अशाच काळात जिम सोडून गेले.

सुरुवातीला उत्साहाची वाण नसते. पहिल्या दोन-अडीच महिन्यांत ताकद भराभर वाढते, कारण शरीर असलेलेच स्नायू अधिक कुशलतेने वापरायला शिकते. प्रत्यक्ष स्नायू भरायला त्याहून बराच अधिक काळ जातो. मी ४० किलोपासून सुरुवात केली आणि वर्षभरात ८० किलोपर्यंत पोचलो, तेव्हा हाच वेग पुढेही राहील असे मी धरून चाललो होतो. तो राहत नाही. पुढे बारच्या दोन्ही बाजूंना सव्वा किलोची एकेक प्लेट वाढवायलाही कित्येक महिने लागतात, आणि हे आधी कोणी सांगितले नसेल तर माणसाला वाटते की आपलेच काहीतरी चुकते आहे.

माझे खरोखरच एकदा चुकले होते. शेजारच्या बेंचवर वीस-बावीस वर्षांची मुले माझ्यापेक्षा जास्त वजन उचलत होती आणि त्यांच्यादेखत मी माझ्या वहीत नसलेले वजन बारवर चढवले. खांदा चार महिने दुखत राहिला. शर्ट घालतानासुद्धा हात वर जाईना. आम्हा पुरुषांमध्ये चारचौघांत कमी वजन उचलण्याची जी लाज असते, तिने आळसापेक्षाही जास्त लोकांचा व्यायाम बंद पाडला आहे, असे माझे ठाम मत आहे. स्नायूंच्या मानाने त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा सावकाश बळकट होतात, त्यामुळे अंगात जोर आला तरी सांधे त्या वजनाला तयार झालेले असतीलच असे नाही. तेव्हापासून वहीत मागच्या वेळी जे लिहिले असेल त्यावरूनच मी आजचे वजन ठरवतो. बाजूला कोण उभे आहे ते पाहत नाही.

खानदेशातल्या माणसाने ऋतूही हिशेबात धरायला हवा. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या छताखालच्या जिममध्ये संध्याकाळी उभे राहणेही कठीण होते. पूर्वी दर उन्हाळ्यात माझा व्यायाम सुटायचा आणि पावसाळ्यात नव्याने सुरुवात करताना मन खट्टू व्हायचे. आता आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, पहिला पाऊस पडेपर्यंत मी पहाटे साडेपाचला जातो, वजन नेहमीच्या तीन-चतुर्थांशावर आणतो आणि सेटही कमी करतो. २०२० च्या टाळेबंदीत जिम बंद होते तेव्हा गच्चीवर जोर-बैठका काढल्या. नंतर बारखाली उभा राहिलो तेव्हा ७० किलो जड वाटले, पण कमावलेली ताकद पहिल्यापेक्षा पुष्कळ लवकर परत येते, हे तेव्हा स्वतः अनुभवले.

आहाराविषयी थोडेच सांगतो. वजनाचा व्यायाम करणाऱ्याने शरीराच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, म्हणजे माझ्या ७२ किलोंना सुमारे ११५ ग्रॅम. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, दही आणि अंडी यांवर माझे बरेचसे भागते. झटपट शरीर कमावण्यासाठी स्टेरॉइडची इंजेक्शने घेणाऱ्या तरुणांना मात्र मी कळकळीने थांबवतो, कारण त्याची किंमत हृदय आणि यकृत मोजतात.

तरीही त्या सव्वातीन वर्षांत मला जिमकडे ओढून नेले ते वडिलांनी. आप्पांनी चोपडा तालुक्यातल्या आमच्या शेतात ऐन उमेदीत कापसाची गाठोडी डोक्यावर वाहिली, पण पंचाहत्तरीत पाटावरून उठताना ते भिंतीचा आधार शोधू लागले. तिशीनंतर स्नायू हळूहळू झिजू लागतात आणि साठीनंतर ती झीज वाढते; तिला आवर घालणारा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे स्नायूंवर नियमित भार देणे. हे मी वाचले आधी होते, पण त्याचा अर्थ कळला तो आप्पांना त्या पाटावरून उठताना पाहून. त्यानंतर ११० हा आकडा मला पूर्वीइतका मोठा वाटेनासा झाला आणि आठवड्यातले तीन दिवस न चुकवणे मोठे वाटू लागले.

गेल्या दिवाळीपासून आप्पाही डॉक्टरांना विचारून खुर्चीतून हात न टेकता उठण्या-बसण्याचा व्यायाम करतात. माझ्याच वहीचे शेवटचे पान त्यांनी मागून घेतले आहे. पहिल्या दिवशी त्या पानावर ५ लिहिले होते. काल त्यांनी स्वतःच्या हाताने १४ लिहिले.