एकदा स्विच बोनस घेतला, पुन्हा मिळतो का? माझा इंग्लंडमधला अनुभव

ब्रिटनमध्ये आपलं बँकखातं एका बँकेतून दुसरीकडे नेलं, म्हणजे ‘स्विच’ केलं, की नवी बँक रोख बोनस देते. १५०, १७५, कधी २०० पौंड. इथे नवीन आलेल्या मराठी घरांनाही हे पहिल्या वर्षभरातच कळतं, कारण ऑफिसातला कोणीतरी सांगतोच. पहिला बोनस मिळवणं सोपं असतं. खरा प्रश्न तीन-चार वर्षांनी येतो: ज्या बँकेचा, किंवा तिच्याच समूहातल्या दुसऱ्या बँकेचा, बोनस आपण आधी घेतलाय, तिच्याकडून पुन्हा मिळतो का? मिळतो. मी घेतला आहे. पण पहिल्यांदा बँकेने मला चक्क ‘तुम्ही पात्र नाही’ म्हणून कळवलं होतं, आणि तिथून पैसे खात्यात येईपर्यंत काय काय करावं लागलं ते सगळं लिहिते. माझ्यासारख्या बऱ्याच जणी पहिल्या नकारावरच थांबतात आणि हक्काचे पैसे सोडून देतात, हे मला बघवत नाही.

भारतात राहणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात. इथे पगार येतो, बिलं जातात त्या खात्याला करंट अकाउंट म्हणतात. धंद्याशी त्याचा संबंध नसतो. लोक आयुष्यभर एकाच बँकेत राहतात आणि त्यामुळे बँकांमध्ये स्पर्धाच होत नाही, असं सर जॉन व्हिकर्स यांच्या आयोगाने २०११ मध्ये सांगितलं. त्यातून सप्टेंबर २०१३ मध्ये ‘करंट अकाउंट स्विच सर्व्हिस’ सुरू झाली. नव्या बँकेला सांगायचं की माझं जुनं खातं इकडे आणा. सात कामकाजाच्या दिवसांत शिल्लक, आणि डायरेक्ट डेबिट, स्टँडिंग ऑर्डर अशी खात्यातून आपोआप जाणारी देणी, सगळं नव्या खात्यात येतं आणि जुनं खातं बंद होतं. चुकून जुन्या खात्यावर आलेला पगारही नव्याकडे वळवला जातो. आपल्याकडे मोबाइल नंबर पोर्ट होतो, पण बँकखात्याला तशी सोय अजून नाही, म्हणून आईला हे फोनवर समजावताना मला बराच वेळ लागला होता.

आता मुद्द्याचं. पुन्हा बोनस मिळेल की नाही हे ऑफरच्या जाहिरातीत लिहिलेलं नसतं, ते खाली ‘टर्म्स’ म्हणून जी फाइल असते तिच्यात असतं. आणि तिथे प्रत्येक बँक वेगळा प्रश्न विचारते. काही बँका विचारतात, तुमचं आमच्याकडे कधी खातं होतं का? फर्स्ट डायरेक्ट ही त्यातली. तिची ऑफर नव्या ग्राहकांसाठी असते. एकदा खातं उघडून बंद केलं असेल तरी दार बंद. दुसऱ्या प्रकारच्या बँका खात्याबद्दल विचारतच नाहीत, त्या विचारतात, अमुक तारखेनंतर तुम्ही आमच्याकडून स्विच बोनस घेतलाय का? इथे खरी गंमत आहे, कारण ती तारीख दर ऑफरला पुढे सरकू शकते. मागच्या वर्षी अपात्र असलेला माणूस या वर्षी पात्र ठरतो. तिसरा प्रकार, अमुक दिवशी तुमचं आमच्याकडे खातं चालू असता कामा नये. तिथे बोनस घेतल्याचा प्रश्नच नसतो, फक्त त्या दिवशी खातं होतं की नव्हतं एवढंच.

या तीन प्रश्नांची सरमिसळ झाली की गोंधळ उडतो. ‘मी आधी त्यांच्याकडे होते, आता मिळणार नाही’ असं म्हणणाऱ्या माझ्या निम्म्या मैत्रिणी दुसऱ्या प्रकारच्या बँकेबद्दल बोलत असतात आणि मनात पहिल्या प्रकारचा नियम धरून बसलेल्या असतात.

त्यात समूहाची भानगड. नॅटवेस्ट, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि अल्स्टर बँक एकाच घरच्या. लॉइड्स, हॅलिफॅक्स आणि बँक ऑफ स्कॉटलंड एका घरच्या. फर्स्ट डायरेक्ट एचएसबीसीची. बोनसच्या अटीत बहुतेक वेळा सगळा समूह एकत्र धरलेला असतो, म्हणजे एकीचा बोनस घेतला की दुसरीच्या हिशेबातही तो मोजला जातो. शिवाय ही घरं बदलत असतात. व्हर्जिन मनी ऑक्टोबर २०२४ मध्ये नेशनवाइडने घेतली, को-ऑपरेटिव्ह बँक जानेवारी २०२५ मध्ये कॉव्हेंट्री बिल्डिंग सोसायटी या सभासदांच्या मालकीच्या वित्तसंस्थेकडे गेली, आणि टीएसबी विकत घेण्याचा करार सँटँडरने २०२५ च्या जुलैमध्ये जाहीर केला. म्हणून दोन वर्षांपूर्वी कोणी काय सांगितलं त्यावर जाऊ नका. अर्ज कराल त्या दिवशीची फाइल उघडा आणि त्यात कोणकोणत्या बँकांची नावं आहेत ती वाचा.

माझ्या बाबतीत असं झालं. मार्च २०१९ मध्ये मी एका मोठ्या समूहातल्या बँकेचा बोनस घेतला होता. पुढे ते खातं दुसरीकडे स्विच केलं. नंतर त्याच समूहातल्या दुसऱ्या बँकेची ऑफर आली. अट दुसऱ्या प्रकारची होती: एका ठरावीक तारखेपासून पुढे समूहातल्या कुठल्याही बँकेचा बोनस घेतलेला नसावा. माझा बोनस त्या तारखेच्या आधीचा. मी ते वाक्य मोबाइलवर मोठं करून दोनदा वाचलं, नवऱ्याला वाचायला दिलं. त्याचंही मत तेच पडलं. मग ती फाइल डाउनलोड करून तारखेसकट जपून ठेवली. पुढे सगळं या फाइलवरच तरलं, कारण ऑफर संपली की बँकेच्या साइटवरून जुन्या अटी काढून टाकल्या जातात.

मुख्य खातं, ज्यात पगार येतो आणि घराचा हप्ता जातो, ते मी कधीच हलवत नाही. स्विचसाठी वेगळं दुसरं खातं ठेवलं आहे. बहुतेक ऑफरमध्ये दोन चालू डायरेक्ट डेबिट लागतात, म्हणून मोबाइलचं बिल आणि एका धर्मादाय संस्थेची छोटी मासिक देणगी त्या खात्यावर लावली. इथे एक लक्षात ठेवा, स्टँडिंग ऑर्डर म्हणजे डायरेक्ट डेबिट नव्हे. आपण ठरवून दर महिन्याला पाठवतो ती स्टँडिंग ऑर्डर. समोरची कंपनी आपल्या परवानगीने ओढून घेते ते डायरेक्ट डेबिट. घरभाड्याची स्टँडिंग ऑर्डर दाखवून बोनस मिळत नाही. आणि कार्डावर लावलेली वर्गणी, ओटीटीची वगैरे, ती स्विचबरोबर येतच नाही. तिथे नवीन कार्ड आपण स्वतः टाकायचं. भारतात पैसे पाठवायच्या अ‍ॅपमध्येही खातं बदलावं लागतं.

स्विचचा अर्ज पहिल्यांदा फेटाळला गेला तो नावावरून, आणि हे आपल्या लोकांच्या बाबतीत हमखास होतं. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या भारतीय पासपोर्टवर नावाच्या रकान्यात आपलं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव सलग लिहिलेलं असतं. इथली एक बँक ते दोन्ही मिळून पहिलं नाव धरते, दुसरी त्यातलं दुसरं नाव मधलं नाव म्हणून टाकते, तिसरी ते गाळूनच टाकते. स्विच सर्व्हिसला दोन्ही खात्यांवरचे तपशील जुळायला हवे असतात. माझ्या जुन्या खात्यावर तीन नावं, नव्यावर दोन. मी पासपोर्ट घेऊन शाखेत गेले, नव्या खात्यावर पूर्ण नाव करून घेतलं आणि मग स्विच परत लावला. या वेळी तो सुरळीत पार पडला. सांगितलेली रक्कम मुदतीत भरली, अ‍ॅपमध्ये लॉगिन केलं, सगळ्या अटी पुऱ्या.

बोनस यायची तारीख आली आणि गेली. चॅटवर विचारलं तर उत्तर आलं, तुम्हाला समूहाकडून आधी बोनस मिळाला आहे, म्हणून तुम्ही पात्र नाही. मी विचारलं, कोणत्या तारखेला मिळाला? त्यावर तिकडून तारीख आलीच नाही, फक्त तेच वाक्य पुन्हा आलं. फोन केला, तिथेही तेच.

आता तारीख सिद्ध करायची जबाबदारी माझ्यावर आली, आणि अडचण अशी की खातं स्विच झालं की त्या बँकेचं अ‍ॅप आपल्याला आत घेत नाही. जुनी स्टेटमेंट दिसत नाहीत. म्हणून आता मी स्विच लावण्याआधी सगळी स्टेटमेंट उतरवून घेते आणि तुम्हीही घ्या. तेव्हा माझ्याकडे ती नव्हती. पण इथल्या डेटा संरक्षण कायद्यात चांगली सोय आहे. कोणत्याही संस्थेकडे ‘माझ्याबद्दल तुमच्याकडे असलेली माहिती द्या’ असा अर्ज करता येतो, त्याला फी नसते आणि साधारणपणे एका महिन्याच्या आत उत्तर द्यावं लागतं. मी जुन्या बँकेला लिहिलं, सगळी माहिती न मागता नेमकं मागितलं: २०१९ च्या पहिल्या सहा महिन्यांतली स्टेटमेंट आणि मला दिलेल्या स्विच बोनसची नोंद. नेमकं मागितलं की लवकर येतं, असा माझा अनुभव आहे.

कागद आले. मार्चच्या पानावर, पगाराच्या ओळीखाली आणि पाण्याच्या बिलाच्या वर, बोनसची ती एक ओळ होती. तारीख स्पष्ट. अटीतल्या तारखेच्या आधीची. ती बघून मला एवढं हायसं वाटलं की मी लगेच तक्रार लिहायला बसले.

तक्रार करताना ‘तक्रार’ हा शब्द वापरायचा. नुसती चौकशी केली तर ती चौकशीच राहते. तक्रार म्हणून नोंदली की बँकेला आठ आठवड्यांत अंतिम उत्तर द्यावं लागतं. ते पटलं नाही, किंवा उत्तरच आलं नाही, तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे लोकपालाकडे जाता येतं. अंतिम उत्तर मिळाल्यापासून सहा महिन्यांत जायचं. ग्राहकाला एक पैसा लागत नाही. मी पत्र छोटं ठेवलं. ऑफरच्या अटीचं कलम जसंच्या तसं, बोनस मिळाल्याची तारीख, स्विच पूर्ण झाल्याचा बँकेचाच संदेश, आणि रक्कम भरल्याचा पुरावा. राग, नाराजी यातलं काही लिहिलं नाही. चार गोष्टी, चार जोडपत्रं.

काही आठवड्यांनी तक्रार विभागातल्या बाईंचा फोन आला. त्यांनी कलम वाचलं, तारीख वाचली, आणि सरळ मान्य केलं की सिस्टीमवर फक्त ‘आधी दिला आहे’ एवढी खूण होती, तारीख कोणी पाहिलीच नव्हती. त्याच आठवड्यात बोनस जमा झाला. त्या बाईंचं मला खरंच कौतुक वाटलं. त्यांनी एकदाही शब्द फिरवला नाही.

हे आमच्या गावातल्या मराठी मंडळात सांगितलं तेव्हा एक नुकतीच आलेली मुलगी म्हणाली, “ताई, मग मीही लढते. मलाही त्यांनी नाहीच म्हटलंय.” मी तिला आधी अटी दाखवायला सांगितल्या. तिचा बोनस नवऱ्याबरोबरच्या जॉइंट खात्यात आला होता आणि तिने स्वतः अर्ज केला नव्हता, म्हणून तो आपला नाही असं तिला वाटत होतं. पण त्या ऑफरच्या अटीत स्वच्छ लिहिलं होतं की जॉइंट खात्याला दिलेला बोनस दोघांनाही मिळाला असं धरलं जाईल. तारीखही अटीतल्या तारखेच्या नंतरची. तिथे तक्रार करण्यासारखं काही नव्हतं आणि मी तिला तसं सांगितलं. दुसऱ्या बँकांसाठी मात्र ती मोकळी होती, आणि दोघांनी आपापल्या नावावर वेगवेगळी खाती ठेवून स्विच केले तर बहुतेक ठिकाणी प्रत्येकाला बोनस मिळू शकतो. एक आणखी: एकट्याचं खातं जॉइंट खात्यात स्विच करता येतं, पण जॉइंट खातं एकट्याच्या खात्यात आणता येत नाही. म्हणून हे आधीच ठरवलेलं बरं.

आता आमच्या घरी एक वही आहे. बँक, तिचा समूह, खातं कोणाच्या नावावर, कधी उघडलं, कधी बंद झालं, बोनस कोणत्या तारखेला आला. एवढेच रकाने. नवी ऑफर आली की अटीतला प्रश्न कोणत्या प्रकारचा ते बघायचं आणि वहीतल्या तारखेशी लावायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

मात्र सारखे अर्ज करत सुटू नका. खातं उघडताना, विशेषतः ओव्हरड्राफ्ट मागितला तर, क्रेडिट रिपोर्टमध्ये चौकशीची नोंद होते आणि ती एक्सपिरियन, इक्विफॅक्स, ट्रान्सयुनियन या आपल्या कर्जव्यवहारांची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांपैकी कुठे ना कुठे दिसते. आपण या देशात उशिरा येतो, आपला क्रेडिटचा इतिहास तोकडा असतो. घरासाठी कर्ज काढायच्या आधीच्या काही महिन्यांत १७५ पौंडांसाठी त्यावर ओरखडे पाडून घेणं मला पटत नाही. आमच्या घराच्या कर्जाच्या ठरलेल्या व्याजदराची मुदत वसंतात संपतेय आणि तो नव्याने ठरवायचाय, तोवर वहीत नवी ओळ येणार नाही. त्यानंतर पहिली पाळी नवऱ्याची आहे; फर्स्ट डायरेक्टमध्ये त्याचं कधीच खातं नव्हतं.