आजींचं गाव

आज शेजारच्या आजींना त्यांच्या माहेरगावी, बायबरीला घेऊन गेले होते. इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड्स या डोंगराळ भागातलं, कोल्न नदीकाठचं गाव. फोटोंमध्ये दिसते ती आर्लिंग्टन रो ही जुन्या दगडी घरांची ओळ इथलीच. १३८०च्या सुमारास लोकर साठवायला बांधलेली, सतराव्या शतकात विणकरांची घरं झालेली. पर्यटक तिथेच दाटले होते. आजी मात्र नदीकाठी थांबल्या आणि वाकून ट्राउट मासे शोधू लागल्या. लहानपणी इथे पोटावर पडून तासन्‌तास बघायच्या म्हणे.

दुसरं महायुद्ध संपलं तरी गोळ्या-चॉकलेटं रेशनवरच होती. ते बंधन ५ फेब्रुवारी १९५३ला उठलं. आजी तेव्हा सात वर्षांच्या. "नाणी इतकी घट्ट धरून पळत गेले गं, दिवसभर मुठीला त्यांचाच वास येत होता." सांगताना त्यांची मूठ आपोआप मिटली होती.

चर्चच्या वाटेवर हॉर्स चेस्टनटची फळं पडलेली. आजींनी टाचेनं एक काटेरी टरफल फोडलं. आतली तपकिरी बी पॉलिश केल्यासारखी चकचकीत! भोक पाडून दोरी ओवायची, आळीपाळीनं एकमेकांच्या बीवर आपटायची. ज्याची फुटेल तो हरला. "भाऊ व्हिनेगरमध्ये भिजवून टणक करायचा, लबाड!" तो भाऊ गेल्या वर्षी गेला. मला एकदम आमच्या अंगणातले चिंचोके आठवले, आणि माझा दादा.

परतताना गाडीत आम्ही दोघी फारशा बोललो नाही. उतरताना आजींनी ती बी माझ्या हातात ठेवली. आत्ता ती समोर टेबलावर आहे. दादाला फोन लावतेय.