कोठीतलं मीठ

देवगड तालुक्यातल्या त्या घरी ऑगस्टमध्ये पोचले, तर काकींनी 'बस' म्हणायच्या आधी माझा हात धरला आणि सरळ कोठीत नेलं. फळीवरची चिनीमातीची बरणी खाली घेतली, झाकण काढलं. "गो बाय, हात घाल." आत खडेमीठ म्हणावं असं काही उरलंच नव्हतं. वर बोटभर पाणी, खाली राखाडी गाळ. "लगीन होऊन हय इलंय तेव्हापासून ह्या कोठीत मिठाक पाणी सुटलेला मी बघूक नाय," काकी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

ती कोठी मी नव्याने केली होती. जानेवारीत काम सुरू केलं, मे महिन्यात चावी दिली.

घर काकींच्या पुतण्याचं, तो डोंबिवलीला असतो. पर्यटकांसाठी दोन खोल्या काढायच्या म्हणून त्याने मला बोलावलं. त्याच्या यादीत ओटी, पडवी आणि खळ्यातले दिवे होते. न्हाणी आणि कोठीचं नाव नव्हतं. "तिथे कोण बघायला जातंय?" हे वाक्य मी बारा वर्षांत प्रत्येक गिऱ्हाइकाकडून ऐकलंय. झोपाळ्याला लाखभर रुपये घालणारी माणसं, घरची म्हातारी ज्या न्हाणीत दोनदा घसरली तिथली फरशी बदलायला मात्र कुरकुरतात. मी भांडून त्या दोन खोल्या कामात घेतल्या.

न्हाणीचं काम आजही कोणालाही दाखवायला मला आवडेल. खरबरीत फरशी, दर फुटाला पाव इंच उतार, बसून अंघोळ करता येईल असा कडाप्प्याचा कट्टा, आणि काकींच्या खांद्याची उंची मोजून लावलेली पकडदांडी. दांडी ३१६ ग्रेडच्या स्टीलची. खाडीच्या वाऱ्यात ३०४ ला बघता बघता तांबूस डाग पडतात, पण दुकानदार डोळे मिटून तेच देतो आणि वर 'स्टेनलेसच आहे' म्हणतो. ३१६ साठी मी कोल्हापूरपर्यंत फोन केले. पाणी तापवायचं चुलाणं काढून टाकलं, छपरावर सोलर आणि जोडीला गिझर बसवला. काकींचे डोळे धुराने सतत पाझरायचे, गुडघे वाकत नव्हते. चुलाणं काढताना त्याच म्हणाल्या होत्या, "सुटलंय बाय एकदाची."

मग कोठी. आठ बाय दहाची, काळोखी, शेणाने सारवलेली, वर काजळी धरलेले वासे आणि कौलं. कोकणात या खोलीवर पावसाचे चार महिने निघतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे सुका बांगडा आणि सोडे इथेच. भात, कुळीथ, सोलं, आंब्याची साटं, वाशांना टांगलेली तवशी आणि भोपळे, सगळं इथेच. मी जमिनीला व्हिट्रिफाइड टाइल घातली, जांभ्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा, त्यावर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट. उंदीर आणि काजळी नको म्हणून कौलांखाली पीव्हीसीचं छत. बंद दारांची कपाटं. फोटो सुंदर आले होते.

ऑगस्टमध्ये त्याच कपाटांच्या आत हिरवट बुरशी होती. साटं चिकटून एक झालेली. तवशी सडलेली. भाताच्या पोत्यात हात घातला तर गरम लागलं, म्हणजे दाणा आतून घामेजलेला. आर्द्रतामापक ठेवला, ९१ दाखवत होता. शुद्ध मीठसुद्धा ७५ टक्क्यांच्या वर पाणी ओढायला लागतं, खडेमिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते त्याच्या कितीतरी आधी.

मला आधी वाटलं, छप्पर गळतंय. शिडी लावून अर्धा तास शोधलं. एक कौल सरकलेलं नव्हतं. खाली उतरले आणि कोठीची मागची भिंत हाताला लागली. गार, ओलसर. या भिंतीच्या पलीकडे न्हाणी आहे. आणि बरोबर त्या जागी चुलाणं होतं.

काकी पहाटे पाचला ते पेटवायच्या. आधी सगळ्यांच्या अंघोळीचं पाणी, मग गुरांच्या आंबोणाचं, नऊ साडेनऊपर्यंत जाळ चालू. सव्वा फूट जाडीचा जांभा तापायचा आणि दुपारपर्यंत ती ऊब कोठीत सोडत राहायचा. धूर भिंतीवरून कोठीच्या वाशांत शिरायचा, कौलांच्या फटींतून बाहेर पडायचा आणि जाताना दमट हवा घेऊन जायचा. कीडही त्या धुराला टिकत नव्हती. मी जाळ काढला, वरची वाट पीव्हीसीने बंद केली आणि भिंतीला प्लास्टिकचा कोट चढवला. जांभा जमिनीतून पाणी ओढतोच, आता त्याला ते सोडायला जागा राहिली नाही. आणि सोलर? ज्या चार महिन्यांत ऊब हवी त्याच चार महिन्यांत ऊन नसतं.

कॉलेजात आम्हाला १९२६ चं फ्रँकफर्ट किचन शिकवलं होतं. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईने ओट्यापासून सिंकपर्यंतची पावलं धरून, आगगाडीच्या भोजनडब्यातलं स्वयंपाकघर अभ्यासून ते आखलं. मला ती बाई फार आवडायची. काकींच्या घरी मीही टेप घेऊन पंधरा दिवस मोजत होते, खांद्याची उंची, पावलांचं अंतर. चुलाणं किती तास पेटतं, हे मी मोजलं नाही. समोर पेटत होतं, मी त्याच्याजवळ उभं राहून चहा पीत होते.

त्याच दुपारी पीव्हीसीचे चार पत्रे उतरवले आणि कपाटांची दारं काढून टाकली. दिवाळीनंतर सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा करायचा, खाली आणि वर जाळीचे झरोके ठेवायचे. हे सगळं माझ्या खर्चाने, त्यात वाद नाही. पण गेलेली ऊब कुठून आणू, ते कळत नाहीये. उभ्याने पेटवता येईल असं, धुराड्याचं चुलाणं त्याच भिंतीला लावायचं मी काढलंय. पुतण्याला पाहुण्यांच्या कपड्यांना धुराचा वास नको. आणि काकी ७८ वर्षांच्या आहेत. पहाटे पाचला जाळ कोण घालणार? ती खोली कोरडी होती ती काकींच्या डोळ्यांच्या आणि गुडघ्यांच्या जिवावर, आणि तेच त्रास कमी करायला मी गेले होते.

निघताना स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले, तर काकी नवीन मीठ भरलेली बरणी फ्रीज आणि भिंतीच्या मधल्या सांदीत सरकवत होत्या. मी फ्रीजच्या त्या बाजूला तळवा लावला. पत्रा चांगला कोमट होता.

"ह्या चुलाण्याइतक्या तापणा नाय," काकी म्हणाल्या, "पण फुंकूचा लागणा नाय."

आर्द्रतामापक मी त्या सांदीत ठेवून आले. रोज संध्याकाळी काकी फोनवर आकडा सांगतात.