आईबरोबर बोटीने गोवा: भाऊचा धक्का, बॅलार्ड पियर आणि मुरगाव

"बोट भाऊच्या धक्क्यावरूनच सुटते ना?" तिकिटं काढल्याचं सांगितलं तसा आईचा पहिला प्रश्न. तिचं माहेर वेंगुर्ल्याचं. शाळेत असताना ती कोकणच्या आगबोटीने येत-जात असे. आमची गोव्याची क्रूझ मुंबईच्या बॅलार्ड पियरवरून होती, पण तिच्यासाठी आदल्या दिवशी भाऊच्या धक्क्यावर जाऊन आलो. तुम्हीही जा. हार्बर लाइनवर डॉकयार्ड रोडला उतरायचं. लवकर पोचलात तर मासळीचा लिलाव बघायला मिळेल. जमीन ओली असते, घसरणारी पादत्राणं नकोत.

हा धक्का आजही रोजच्या माणसांचा आहे. मोरा आणि रेवसच्या लाँच इथूनच सुटतात; रेवसला जायचं तर ओहोटीची वेळ विचारून निघा, खाडीत गाळ फार. २०२० पासून मांडव्याची रोरोही आहे, साधारण तासाभराची. गाडी पोटात घालून नेते, त्यामुळे अलिबागकरांचा मोठा वळसा वाचला. आई मात्र पाण्याकडे बघत जुनी बंदरं म्हणत होती: दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले. बऱ्याच ठिकाणी बोट बाहेर नांगरायची आणि पडाव येऊन माणसं उतरवून न्यायचे. आमची क्रूझ यातल्या एकाही बंदरात थांबणार नव्हती, हे तिला सांगताना मला खरंच वाईट वाटलं. जयगड-विजयदुर्गपर्यंत रोरो नेण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली आहे. त्या बाजूला जाणार असाल तर आधी चौकशी करा.

दुसऱ्या दिवशी बॅलार्ड पियर. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खणताना निघालेल्या मातीच्या भरावावर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. विलायतेची टपालबोट लागली की धक्क्याला खेटलेल्या मोल स्टेशनातून थेट पेशावरकडे गाडी सुटायची. आता तिथे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं; ७२ काउंटर, एका वेळी पाच जहाजं, वर्षाला दहा लाख प्रवासी अशी त्याची क्षमता सांगतात. इमारत देखणी आहे. पण तिकीट नसलेल्या मुंबईकराला गोदीच्या फाटकातून आत जाता येत नाही, आणि मला हे खटकतं. एवढा सुंदर किनारा शहराच्या इतक्या जवळ असून शहराला दिसत नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं. टॅक्सीवाल्याला नुसतं 'क्रूझ टर्मिनल' सांगू नका, तिकिटावरचं फाटकाचं नाव सांगा. मोठ्या बॅगा टर्मिनलमध्येच घेतात आणि खोलीपर्यंत पोचायला वेळ लागतो. औषधं, ओळखपत्र, एक कपड्याचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा. वडीलधारी माणसं बरोबर असतील तर व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा, आत चाल बरीच आहे. मुंबई मागे पडली की फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचे पैसे लागतात. बोट लागते त्यांनी जहाज सुटण्याआधी गोळी घ्यावी आणि खालच्या मजल्यावरची, मधली खोली मागावी. तिथे हेलकावे कमी. किनारा दिसेल या आशेने रात्री जागू नका, जहाज बरंच बाहेरून जातं. आई तरीही डेकवर बसून राहिली. "मालवण आता कुठे असेल?" मी फोनवर नकाशा काढून दाखवत राहिलो.

गोव्यात क्रूझ लागते ते मुरगाव हे मालाचं बंदर. उतरल्यावर वास्को स्टेशन जवळ, पण पणजी तीसेक किलोमीटर. टॅक्सीचं भाडं बसण्याआधी ठरवा. आम्ही पणजीलाच गेलो, कारण आईची बोट मांडवीत, थेट शहरात लागायची. त्या काठावरून आता कॅसिनोच्या लाँच सुटतात. जुन्या सचिवालयासमोर ती थांबली, नदीकडे बघितलं आणि म्हणाली, "इथेच. मामा इथे उभा असायचा."