गुरुजी, तुम्ही मत का देत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. म्हणजे विचारून सगळ्यांचंच झालंय. शेजारी, जुने विद्यार्थी, हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत भेटणारे सहकारी. प्रश्न एकच, सूर तेवढा वेगळा. "गुरुजी, जन्मभर इलेक्शन ड्युट्या केल्या, पोरांच्या प्रभातफेऱ्या काढल्या, अन् २०२४च्या विधानसभेला तुम्हीच घरी बसलात?" एकानं तर तोंडावर सुनावलं, "पेन्शन सरकारची घेता, आणि मत द्यायला पाय दुखतात होय?" पाय दुखत नाहीत. मतदान केंद्र घरापासून हाकेच्या अंतरावर आहे.

कारण लपवण्यासारखं नाही. ऑक्टोबर २०१९मध्ये मी मत दिलं. महिन्याभरानं पहाटेचा शपथविधी झाला, मग जून २०२२मध्ये शिवसेना फुटली, मग जुलै २०२३मध्ये राष्ट्रवादी. पुढचं तुम्हाला पाठ आहे. ज्यांना पाडायला म्हणून मी बटण दाबलं, त्यांच्याच मांडीला मांडी लावून माझं मत बसलेलं मी टीव्हीवर पाहिलं. मी कोणत्या बाजूचा, हे मुद्दाम सांगत नाही. त्या निवडणुकीत कोणत्याही बाजूला मत दिलेल्या बहुतेकांना हे वाक्य कमीजास्त लागू पडतं. तुम्हालाही. फरक एवढाच की तुम्ही २० नोव्हेंबर २०२४ला पुन्हा रांगेत उभे राहिलात आणि मी राहिलो नाही.

"मग नोटा दाबायचा, 'वरीलपैकी कोणीही नाही'चं बटण!" हे वाक्य माझं बोलणं संपायच्या आत येतं. येऊ द्या. पण नोटाबद्दल बोलण्याआधी मला तुम्हाला एक माणूस दाखवायचा आहे. तो डोळ्यांपुढे नसेल तर माझं पुढचं बोलणं नुसतं तिरकस वाटेल.

१३ ऑक्टोबर २००९, विधानसभेचं मतदान. मराठवाड्यातलं एक गाव, नाव सांगत नाही. मी केंद्राध्यक्ष. शाळेच्या दुसरीच्या वर्गात केंद्र, भिंतीवर बाराखडी, खिडकीला पुठ्ठे ठोकलेले. दुपारी उन्हाचा कडाका होता आणि रांग ओसरली होती. एक चाळिशीचा माणूस आत आला, अंगात धुतलेला पांढरा सदरा. पहिल्या अधिकाऱ्यानं यादीत नाव वाचलं, पक्षांच्या एजंटांनी माना डोलावल्या. दुसऱ्यानं बोटाला शाई लावली, नोंदवहीत सही घेतली, चिठ्ठी हातात दिली. ती चिठ्ठी तिसऱ्याकडे द्यायची, त्यानं कंट्रोल युनिटवरचं बटण दाबायचं, मग आडोशामागे मतदान, असा तो क्रम. हा माणूस चिठ्ठी घेऊन तिसऱ्याकडे गेलाच नाही. सरळ माझ्या टेबलापाशी आला.

"सर, मला ह्यातल्या कुणालाच द्यायचं नाही. तसं लिहून घ्या."

नियम मला ठाऊक होता. निवडणूक संचालन नियम, १९६१, त्यातला ४९-ओ. प्रशिक्षणात त्याच्यावर अर्धं मिनिट खर्च झालं होतं आणि त्या अर्ध्या मिनिटात निम्मे लोक भत्त्याबद्दल बोलत होते. नियम असा की सही झाल्यावर मतदार मत द्यायला नको म्हणाला, तर नोंदवहीत त्याच्या नावापुढे केंद्राध्यक्षानं शेरा मारायचा आणि शेऱ्यापुढे मतदाराची सही किंवा अंगठा घ्यायचा. एवढंच. पण तोवरच्या नोकरीत हे मागणारा एकही माणूस माझ्यासमोर आला नव्हता.

वर्गात क्षणात बाजार भरला. एक एजंट म्हणाला, "आसं कुठं आस्तंय व्हय?" दुसरा समजुतीच्या सुरात, "आरं दाब की कोन्चंबी, कोन बघतंय तुला." गंमत म्हणजे सकाळपासून एकमेकांकडे न बघणारे हे दोघे त्या माणसाविरुद्ध एक झाले होते. मीही त्याला म्हणालो, "बघा, आत जाऊन विचार करा, घाई नाही." ते मी का म्हणालो? संध्याकाळचा हिशोब डोळ्यांपुढे होता म्हणून. नोंदवहीतल्या सह्या आणि मशीनमधली मतं जुळली नाहीत तर झोनल अधिकारी रात्री बारापर्यंत उभं करतो. ४९-ओसाठी फॉर्ममध्ये वेगळी ओळ आहे, हे मला माहीत होतं. झोनल अधिकाऱ्याला माहीत असेल याची खात्री नव्हती. तुम्ही याला माझा भित्रेपणा म्हणा. निवडणुकीचं साहित्य जमा करायच्या रांगेत पहाट झालेली ज्यानं पाहिली आहे, तो म्हणणार नाही.

तो हलला नाही. आवाजही चढवला नाही. म्हणाला, "इचार घरीच करून आलोय."

मी शेरा लिहिला. 'मत नोंदविण्यास नकार.' त्यानं वही स्वतःकडे वळवून घेतली, वाचली आणि पुढे सही केली. चांगली, वळणदार सही. मग विचारलं, "सर, हे कुठं जातं?"

मी म्हणालो, "वर जातं."

खोटं नव्हतं ते. वही सीलबंद पाकिटात वरच जाते. पण वर गेल्यावर काय होतं, ते मी त्याला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो. ते पाकीट न्यायालयानं सांगितल्याशिवाय कोणी उघडत नाही. नियमानं वर्षभर ठेवायचं आणि मग नष्ट करायचं. बाकी उरतो तो हिशोबाच्या फॉर्ममधला एक आकडा, '४९-ओ खाली मत न नोंदविणारे : १'. निकालाच्या दिवशी भोंग्यावरून तो आकडा कोणी वाचत नाही, पेढेही वाटत नाही. म्हणजे त्या माणसानं सगळ्या गावासमोर उभं राहून जे सांगितलं, ते राज्यानं ऐकलं नाही, फक्त फाईल केलं.

गावानं मात्र ऐकलं. तो बाहेर पडायच्या आत बातमी पारावर पोचली होती, कारण एजंट पाणी प्यायला म्हणून उठले ते तिकडेच गेले. पुढे कधीतरी तिथल्या शाळेतले एक शिक्षक शिक्षण परिषदेत भेटले. म्हणाले, त्याच्या विहिरीचा प्रस्ताव अडकून पडलाय. दोन्ही पॅनेलना वाटतं की तो दुसऱ्याचा. विहीर त्या शेऱ्यामुळेच अडकली, असं मी छातीठोक म्हणणार नाही. विहिरींचे प्रस्ताव शेऱ्याशिवायही अडकतात. पण "दुसऱ्याचा" हा शब्द माझ्या मनातून गेलेला नाही. नकार देणारा माणूस स्वतःचा असू शकतो, हे कोणाच्याच हिशोबात बसत नव्हतं.

आता नोटा. या जाहीर नकारात गुप्तता राहत नाही, या मुद्द्यावर 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज' २००४मध्येच सर्वोच्च न्यायालयात गेली होती. निकाल आला २७ सप्टेंबर २०१३ला. मत न देणं हाही अभिव्यक्तीचा भाग आहे आणि त्यालाही गुप्ततेचं संरक्षण हवं, असं न्यायालयानं म्हटलं आणि मशीनवर शेवटचं बटण आलं. मला त्या दिवशी मनापासून आनंद झाला होता. वर्गात पोरांना सांगितलं, तेही रंगवून. आता त्या २००९च्या माणसासारख्याला कोणी ओळखणार नाही, असं वाटलं.

खरंच कोणी ओळखत नाही. २०१९च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, २७ हजारांच्या वर मतं. पलूस-कडेगावातही तेच, २० हजारांवर. २०२४च्या लोकसभेला इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवारानं अर्ज मागे घेतला आणि नोटाला २,१८,६७४ मतं पडली. पडून काय झालं? काही नाही. नोटाला सगळ्यांत जास्त मतं मिळाली तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. अनामत जप्त करायला वैध मतांचा सहावा हिस्सा धरतात, त्यातही नोटा मोजत नाहीत. आपल्या राज्य निवडणूक आयोगानं २०१८मध्ये स्थानिक निवडणुकांपुरता एक दात बसवला: नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक. फेरनिवडणुकीतही नोटाच पहिला आला तर मात्र खालच्या उमेदवाराला विजयी करायचं. दात आहे, पण एकदाच चावणारा.

तर नोटा का नाही, याचं माझं उत्तर असं की २००९चा माणूस सही करून गेला होता. मला माझ्या नकारापुढे माझं नाव हवं आहे. गुप्त निषेध त्या माणसासारख्यांसाठी आवश्यक आहे, ज्यांची विहीर अडकू शकते. माझं काय अडकणार? पेन्शन कोषागारातून येते, मुलं आपापल्या जागी आहेत. ज्याला भीती नाही त्यानंही आडोशामागे जाऊन नाराज व्हायचं, हे मला पटत नाही.

इथे माझ्यातलाच जुना गुरुजी मला अडवतो. २५ जानेवारीला मतदार दिनाची शपथ देणारा, टोपी घातलेला. तो म्हणतो, "नाव हवं होतं, तर केंद्रावर जाऊन शेरा मागायचा. घरी बसून कोणाची सही झाली? तू आणि सुट्टी जोडून महाबळेश्वरला गेलेला, दोघे एकाच रकान्यात. आणि तो रकानाही कोणी ठेवलेला नाही. मतदानाची टक्केवारी निघते आणि उरलेल्यांना वर्तमानपत्र 'निरुत्साह' म्हणून मोकळं होतं."

त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धं आहे. मी घरी बसलो पण गप्प बसलो नाही. विचारेल त्याला सांगत आलो. लपवलं असतं तर तुम्ही विचारलंच नसतं. पण मी किती जणांना सांगणार? चहाच्या टपरीपुरता तो निषेध.

मग तो इतिहास काढतो, कारण मी इतिहासच शिकवायचो. १९२०मध्ये काँग्रेसनं कौन्सिलांच्या, म्हणजे तेव्हाच्या कायदेमंडळांच्या, निवडणुकांवर बहिष्कार घातला, तेव्हा महाराष्ट्रातल्या टिळकांच्या अनुयायांना ते पटलेलं नव्हतं. टिळकांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये निवडणुका लढवण्यासाठी पक्षाचा जाहीरनामा काढला होता आणि १ ऑगस्टला ते गेले. बहिष्कारानं कौन्सिलं ओस पडली का? नाही. नेमस्त आत गेले. रँग्लर परांजपे मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले. १९२३मध्ये काँग्रेसमधलेच स्वराज्य पक्षवाले शेवटी निवडणुकीला उभे राहिलेच. जुना गुरुजी विजयी मुद्रेनं बघतो. मी म्हणतो, थांब. त्या बहिष्कारामागे आंदोलन होतं, म्हणून तो बहिष्कार होता. २०२४च्या लोकसभेला पूर्व नागालँडच्या सहा जिल्ह्यांत केंद्रं उघडी होती आणि जवळपास कोणीच आलं नाही. मागणी एक, संघटना एक, आमदारसुद्धा घरी. ते साऱ्या देशाला ऐकू गेलं. माझं तसं नाही. मी एकटा आहे.

"मग हे कबूल?" तो विचारतो.

एकट्याचा नकार ऐकू येत नाही, एवढं कबूल. म्हणून तो निरर्थक, हे नाही. एकट्याचं मत तरी कुठे ऐकू येतं? तुमच्या एका मतानं कोण निवडून आलं? तरी तुम्ही गेलात, आणि बोटाचा फोटो स्टेटसला ठेवलात. तो तुमचा अर्थ. मला माझा का नसावा?

आणि खरं सांगू का, मत न दिल्याबद्दलचा हा सगळा कळवळा मला अलीकडे जरा संशयास्पद वाटतो. नोकरीच्या काळात कितीतरी निवडणुकांत माझं स्वतःचं मत पडलंच नाही. ड्युटी दुसऱ्या मतदारसंघात, टपाली मतपत्रिकेचा अर्ज भरलेला, मतपत्रिका आलीच नाही किंवा निकालानंतर आली. माझ्यासारखे कितीतरी शिक्षक. लोकशाहीचा उत्सव पार पाडणारेच उपाशी. तेव्हा मला कोणी विचारलं नाही, "गुरुजी, तुमचं मत राहिलं का?" आणि २०२२च्या मार्चपासून बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले; तीन वर्षं उलटली तरी तिथे कोणालाच मत देता येत नव्हतं. सगळा जिल्हा सक्तीनं घरी बसला. तेव्हा टपरीवर कोण तावातावानं बोलत होतं? मी एकदा न गेल्याचा जाब विचारता, आणि मतदानच न होण्याची तुम्हाला सवय झाली.

सून म्हणते, "बाबा, दगडापेक्षा वीट मऊ. मऊ बघून द्यायचं." ती देते. तिच्याशी मी वाद घालत नाही. तिचं पोर पालिकेच्या शाळेत आहे, तिला नगरसेवकाकडे जावं लागतं, तिला वीट हवी. गेल्या वर्षी आम्ही घर बदललं तेव्हा तिनं सगळ्यांचे नमुना ८ भरले, पत्त्याच्या बदलासाठी. माझा भरताना पेन थांबवून विचारलं, "तुमचं कशाला हलवायचं? तुम्ही तर जात नाही."

"भर," म्हटलं. यादीत नाव नसलेला माणूस मत देत नाही, यात बातमी काय?

तर नाव नव्या यादीत आहे, अनुक्रमांकासह. पुढच्या वेळी जाईन का, गेलो तर बटण दाबीन की टेबलापाशी जाऊन शेरा मागीन, हे ठरलेलं नाही आणि तुमच्या आग्रहानं ठरणारही नाही. तुम्हाला फारच तळमळ असेल, तर माझ्याकडे यायच्या आधी तुम्ही निवडून दिलेल्या माणसाकडे जा. पाच वर्षं तो त्याच चिन्हावर राहणार आहे का, एवढं विचारा. उत्तर लेखी घ्या, पुढे सही असू द्या, आणि मग या. चहा मी पाजतो.