शेवटच्या रकान्यातली तारीख

कुठल्याही उपग्रहाची नोंद उघडली की मी आधी शेवटचा रकाना बघतो. कधी उडाला, कुठल्या रॉकेटवर, कुठून, ते सगळं मागाहून, आधी तो खाली कधी आला ते. कारण वर जायची तारीख माणसं ठरवतात पण खाली यायची तारीख बऱ्याच वेळा सूर्य आणि हवा मिळून ठरवतात, आणि खरी गोष्ट तिथेच असते असं मला वाटतं.

पहिल्या दोन ओळीच घ्या ना. स्पुटनिक-१, म्हणजे माणसाने सोडलेला पहिला उपग्रह, कक्षेतल्या वस्तूंच्या कॅटलॉगमध्ये १ नंबरवर नाही, २ नंबरवर आहे. १ नंबर आहे त्याला वर नेणाऱ्या रॉकेटच्या मधल्या भागाचा, तोही कक्षेत पोचला होता आणि आकाराने खूप मोठा असल्यामुळे तेव्हा लोकांनी रात्री आकाशात जो सरकणारा ठिपका बघितला तो बहुतेकांच्या बाबतीत हाच होता, ५८ सेंटिमीटरचा गोळा नुसत्या डोळ्यांनी दिसणं अवघड. ४ ऑक्टोबर १९५७ ला दोघं एकत्र गेले, रॉकेट १ डिसेंबरला जळालं आणि स्पुटनिक ४ जानेवारी १९५८ ला. तीन महिने, बस. आणि त्यानंतर अडीच महिन्यांनी, १७ मार्च १९५८ ला गेलेला अमेरिकेचा उपग्रह व्हॅनगार्ड-१, वजन दीड किलोच्या आत, तो अजून वर आहे! १९६४ पासून मुका आहे पण फिरतोय. फरक एवढाच की स्पुटनिक पृथ्वीच्या सगळ्यात जवळ यायचा तेव्हा साधारण २१५ किलोमीटरवर असायचा आणि व्हॅनगार्ड ६५० च्या आसपास. तेवढ्या उंचीवरची हवा म्हणजे जवळजवळ काहीच नाही, पण "जवळजवळ काहीच नाही" आणि "थोडीशी" यात साठ-सत्तर वर्षांचा फरक पडतो.

हे आकडे रोज बघायला लागलं की एक गोष्ट लक्षात येते जी पहिल्यांदा मला उलटीच वाटली होती. प्रत्येक वस्तूची कक्षा दोन ओळींत लिहितात, एकेक ओळ ६९ अक्षरांची, आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटाकडे एक आकडा असतो तो म्हणजे दिवसाला किती फेऱ्या. स्पेस स्टेशनचा साधारण साडेपंधरा. आता हवेच्या घर्षणाने यान मंद व्हायला पाहिजे की नाही, पण हा आकडा वाढत जातो! कारण यान खाली सरकतं, खालची कक्षा छोटी आणि तिथला वेगही जास्त, म्हणजे हवा त्याला अडवते आणि ते अजून जोरात पळायला लागतं. १६ ओलांडून पुढे चढायला लागला की समजायचं आता थोडेच दिवस राहिले. सूर्य तापट असेल तर वरची हवा फुगते आणि हे सगळं अजून लवकर होतं, स्कायलॅब हे अमेरिकेचं स्टेशन ११ जुलै १९७९ ला ऑस्ट्रेलियात तुकडे होऊन पडलं त्यात सूर्याचा मोठा हात होता, अंदाजापेक्षा आधीच आलं ते.

पण माझी सगळ्यात जास्त माया मालवाहू यानांवर आहे. उपग्रहांना निदान नाव मिळतं, फोटो मिळतात. मालवाहू यान जातं, सामान देतं, आत कचरा भरून घेतं आणि समुद्रावर जळून जातं. सोव्हिएत प्रोग्रेस-१ हे पहिलं, २० जानेवारी १९७८ ला निघालं आणि दोन दिवसांनी सल्यूत-६ या स्टेशनला जोडलं गेलं, तिथे रोमानेन्को आणि ग्रेच्को हे अंतराळवीर राहत होते. रचना माणसं नेणाऱ्या सोयूझ यानाचीच, फक्त माणसं परत आणणारी कुपी काढून तिथे इंधनाच्या टाक्या बसवल्या, त्यामुळे परत यायचा प्रश्नच नव्हता. स्टेशनमध्ये इंधन भरण्याचं काम अंतराळात पहिल्यांदा याच यानाने केलं. ८ फेब्रुवारीला ते संपलं, म्हणजे अख्खं आयुष्य तीन आठवड्यांचंही नाही, पण माणूस वर महिनोन् महिने राहू शकतो ते या पद्धतीमुळे. मला विचाराल तर १९७८ मधली ही ओळ कितीतरी गाजलेल्या मोहिमांपेक्षा महत्त्वाची आहे.

सगळ्याच ओळी अशा शांत नाहीत. प्रोग्रेस एम-३४ चं बघा, लाँच ६ एप्रिल १९९७, अंत २ जुलै १९९७, यादीत बाकी काही वेगळं दिसत नाही. पण मधे २५ जून आहे. त्या दिवशी रशियाच्या मीर स्टेशनवरून अंतराळवीर वसिली त्सिब्लियेव हे सात टनाचं यान हाताने चालवून परत जोडायचा सराव करत होते, समोर पडद्यावर यानाच्या कॅमेऱ्यातलं चित्र, त्यात खाली ढगाळ पृथ्वी आणि तिच्यावर मीर, म्हणजे ढगात स्टेशन शोधायचं, आणि अंतर सांगणारा रडार बंद ठेवलेला. यान हवं त्यापेक्षा वेगात आलं आणि स्पेक्टर नावाच्या भागावर आदळलं. कानात दडा बसला तेव्हाच आतल्यांना कळलं की हवा जातेय. स्पेक्टरचं दार बंद करायचं तर दारातून गेलेल्या केबल्स आड येत होत्या, त्या त्यांचे सहकारी लाझुत्किन आणि मायकल फोल यांनी घाईघाईने सोडवल्या, काही कापल्या आणि झाकण बसवलं. फोल यांचं झोपायचं ठिकाण आणि सामान त्याच भागात, ते तिथेच राहिलं. वीज गेली, स्टेशन गरगरायला लागलं, तर फोल यांनी खिडकीत अंगठा धरला, त्याच्यामागून तारे किती भराभर सरकतात ते बघून फिरण्याचा वेग काढला आणि तो खाली कळवला. मला हा अंगठा विसरताच येत नाही. एवढं मोठं स्टेशन आणि वेळेला कामाला आला हाताचा अंगठा.

मग २०१४-१५ चा तो वाईट काळ. २८ ऑक्टोबर २०१४, सिग्नस हे मालवाहू यान घेऊन निघालेलं अँटारेस रॉकेट अमेरिकेतल्या वॉलप्सहून उडालं आणि काही सेकंदात तिथेच कोसळलं. २८ एप्रिल २०१५, प्रोग्रेस एम-२७एम कक्षेत पोचलं पण रॉकेटपासून सुटतानाच बिघडलं आणि गरगरत राहिलं, ताबा मिळालाच नाही, ८ मे ला आपोआप खाली आलं. २८ जून, ड्रॅगन हे मालवाहू यान घेऊन जाणारं फाल्कन-९ रॉकेट लाँचनंतर १३९ सेकंदांनी फुटलं, आत हीलियमची टाकी धरून ठेवणारी एक पट्टी तुटली होती. आठ महिन्यांत तीन वेगळी रॉकेटं, तीन वेगळी कारणं. एम-२७एमच्या ओळीत त्या दहा दिवसांतला फेऱ्यांचा आकडा बघवत नाही, आत अडीच टनाच्या आसपास सामान, स्टेशनवरची माणसं वाट बघतायत, आणि तो आकडा नुसता चढत जातोय. शेवटी ३ जुलैला निघालेलं प्रोग्रेस ५ तारखेला नीट जोडलं गेलं आणि ऑगस्टमध्ये जपानचं मालवाहू यान कोउनोतोरी-५ पोचलं.

ड्रॅगनमुळे एक मोठी गोष्ट बदलली हे सांगायलाच पाहिजे, ते सामान घेऊन परत येतं, त्याला उष्णतेचं कवच आहे. म्हणजे शेवटच्या रकान्यात जळण्याच्या जागी समुद्रात उतरल्याची नोंद. बाकी प्रोग्रेस, सिग्नस, युरोपची पाच एटीव्ही मालवाहू यानं, जपानची नऊ कोउनोतोरी, सगळ्यांची एकच वाट.

आणि एक ओळ अशी आहे जिच्याशी मी नेहमी थांबतो. प्रोग्रेस एम१-५. २४ जानेवारी २००१ ला निघालं, मीरला शेवटची भेट द्यायला. मीरवर तेव्हा कुणीच नव्हतं म्हणून यात कुणासाठी जेवण नव्हतं, पत्रं नव्हती, होतं ते इंधन. दोन महिने ते जोडून राहिलं, मीरला हळूहळू खाली येऊ दिलं आणि मग इंजिन चालवून सव्वाशे टनाहून जड स्टेशन दक्षिण पॅसिफिकमध्ये उतरवलं. स्वतः सुटून बाजूला झालं नाही. दोन ओळी शेजारी ठेवून बघा, मीर आणि प्रोग्रेस एम१-५, शेवटच्या रकान्यात एकच तारीख, २३ मार्च २००१.

आत्ताच्या स्टेशनसाठीही असंच एक यान बनवायचं काम नासाने २०२४ मध्ये दिलंय, ड्रॅगनच्याच धर्तीवर, कितीतरी जास्त इंधन घेऊन जाणारं. १९९८-०६७ए च्या, म्हणजे या स्टेशनच्या, ओळीत तो रकाना सध्या रिकामा आहे.