आज्जीची तारीख

गेल्या ज्येष्ठात आज्जीला बेळगावात एका डॉक्टरांकडे नेलं. आज्जी ८१ वर्षांची, गाव खानापूर तालुक्यात. आजोबा गेल्यापासून जेवण कमी झालंय, रात्री दोनला उठून अंगणात बसते, आणि काय होतंय विचारलं की एकच, "काय न्हाय रे, लई इचार येतेत."

मॅडम चांगल्या होत्या पण त्यांना मराठी येत नव्हतं, आज्जीचं कन्नड बाजारापुरतं (भाव करायला फर्स्टक्लास, मनातलं सांगायला शून्य), म्हणून मधे मी दुभाषी. आता सांगा, कुठली म्हातारी नातवाच्या तोंडून डॉक्टरला सांगेल की जगायला नको वाटतंय?

मग विसरण्याची टेस्ट. आज तारीख काय? गप्प. साल? गप्प. मार्क गेले. आणि बाहेर रिक्षात बसल्या बसल्या मला म्हणते, परवा वटपौर्णिमा, तुझ्या आईला दोरा घ्यायचा राहिलाय!

घरी येऊन शोधलं तर ३० मार्कांची तसली एक टेस्ट १९७५ ला अमेरिकेत तयार झालेली, त्यात एक वाक्य लिहूनही दाखवायचं असतं, आमची आज्जी अंगठेबहाद्दर. हरियाणात बल्लभगडकडच्या न शिकलेल्या म्हाताऱ्यांसाठी तिची हिंदी आवृत्ती केली (१९९५), तेव्हा नुसतं भाषांतर करून भागलं नाही, प्रश्नच बदलावे लागले. आमच्याकडे तर कागद कन्नडमध्ये, भजन मराठीत आणि भांडण दोन्हीत.

वाचता वाचता झिम्बाब्वेचं सापडलं. तिथं डॉ. डिक्सन चिबांडांनी २००६ मध्ये १४ आज्ज्यांनाच ट्रेनिंग दिलं, दवाखान्याबाहेर बाक टाकला, पेशंटनं आज्जीशेजारी बसून बोलायचं. आजाराला डिप्रेशन नाही म्हणायचं, तिथल्या शोना भाषेतला शब्द वापरायचा, 'कुफुंगिसिसा', म्हणजे लई इचार! मी हे वाचून उडालोच. २०१६ ला ५७३ लोकांवरचा अभ्यास आला, सहा महिन्यांनी बाकावाल्यांचा त्रास नेहमीच्या उपचारवाल्यांपेक्षा कमी.

आमच्या आशाताईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, रजिस्टर भरून वेळ उरला तर बघू. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा.

आज्जीचं बी१२ कमी निघालं, म्हातारपणी त्यानंही विसरायला होतं, त्याची इंजेक्शनं चालू आहेत. संध्याकाळी शेजारच्या कन्नड अव्वा कट्ट्यावर येतात, ती मराठीत बोलते, त्या कन्नडमध्ये, कितपत कळतं देव जाणे. मी जवळ गेलो की दोघी गप्प होतात.